खिडकीतली चिंधी

डोकं खाणारी गिऱ्हाइकं मला मुळीच खपत नाहीत. कपडे झाले का, कपडे झाले का, करत दिवसातून तीनदा दारात उभी. हातात तापलेली इस्त्री घेऊन मी उत्तरं देत बसू की काय? म्हणून मी खिडकीत चिंध्या बांधायला लागले. शर्ट तयार असले की निळी, चादरी असल्या की लाल. आपली चिंधी दिसली तर आत या, नाहीतर चालू लागा.

आणि त्या वर्षी मीच तसलं गिऱ्हाईक झाले होते. सासूबाईंची बुबुळं धूसर होत चालली होती. ज्या बाईने केलेलं रफू बोटांनी चाचपूनही सापडायचं नाही, त्या बाईने माझ्या राखाडी स्वेटरचं कोपर हिरव्या दोऱ्याने रफू केलं. मी चकार शब्द काढला नाही, रोज तोच स्वेटर घालत राहिले. बुबुळ बदलायची शस्त्रक्रिया याच वर्षी झाली तर झाली, नंतर उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ती करणारे सर्जन बाहेरून यायचे. ते कधी येणार ते रुग्णालयाच्या वेबसाइटवर अवचित लागायचं आणि आठ जागा अर्ध्या तासात भरून जायच्या. एका हातात इस्त्री, दुसऱ्यात मोबाइल, असे माझे दिवस चालले होते. दोनदा उशीर झाला. एक रेशमी कुर्ता जळाला तो वेगळाच.

तो कुर्ता ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईंचा. मी भांडायच्या तयारीने उभी होते, पण त्यांनी आधी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "ताई, लोकांना चिंधी बघून यायला सांगता आणि स्वतः मात्र दर दहा मिनिटांनी वेबसाइटचं दार ठोठावता?"

मग त्यांनी वेबसाइटच्या तळाशी एक नारिंगी खूण दाखवली, ठिपका आणि त्यावर दोन कमानी. मी तिला आजवर वायफाय समजत होते. त्याला आरएसएस फीड म्हणतात. खुणेमागचा पत्ता मोबाइलमधल्या फीड रीडर नावाच्या अ‍ॅपला एकदा द्यायचा. मग वेबसाइटवर काही नवं लागलं, की रीडर आपण होऊन सांगतो. म्हणजे चिंधीच की.

मी पत्ता दिला आणि मोबाइल दिवसभर टुणटुणायला लागला. वाहनतळ बंद. उपाहारगृहाची वेळ बदलली. रक्तदानाचे फोटो. चौथ्या दिवशी मी वैतागून ते काढून टाकायलाच निघाले होते. सासूबाई कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "तू सगळ्या गिऱ्हाइकांना एकच चिंधी लावतेस का गं?"

मी सगळ्या रुग्णालयाची चिंधी बांधून बसले होते. शोधलं, तर नेत्रविभागाच्या पानाला स्वतःची नारिंगी खूण होती. जुना पत्ता काढला, या खुणेचा घातला. दर पाच मिनिटांनी बघायचं, असं रीडरला बजावलं. मग तीन आठवडे मोबाइल गप्प. मला कितीदा वाटलं पान उघडून बघावं, पण सासूबाई हात धरायच्या.

एका मंगळवारी, पावणेबाराला, एका पडद्याला इस्त्री करताना टुण्ण झालं. मी इस्त्री उभी केली, हात पुसले आणि अर्ज भरला. आठातली दुसरी जागा आमची. मी "लागली, चिंधी लागली" म्हणून ओरडले, तर रस्त्यावरची दोन गिऱ्हाइकं आपापले कपडे न्यायला आत आली. त्या दिवशी मी त्यांनाही रागावले नाही.

शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी, शेवटचे टाके निघाल्यावर, सासूबाईंना नवा चष्मा मिळाला. दुकानात आल्या आल्या त्यांनी माझं कोपर धरून उजेडात नेलं.

"हे ध्यान कोणी केलं?"

"तुम्हीच, आई."

"आणि तू हे घालून गावभर फिरलीस?"

"हो."

त्यांनी चष्मा सावरून माझ्याकडे बघितलं. मला त्या किती दिवसांनी नीट बघत होत्या, ते जाणवून मला रडू फुटलं. त्यांनी माझे डोळे पुसले नाहीत. राखाडी दोरा काढला, सुई उजेडात धरली आणि पहिल्याच खेपेत ओवली.

"काढ तो स्वेटर," त्या म्हणाल्या.