विचारणाऱ्याची खुर्ची

आमच्या वाटशोधक संघात परत आलेल्या माणसाला आधी जेवू घालत नाहीत. त्याने चिखलाचे बूट न काढता दालनात उभं राहायचं आणि कुठे गेलो, काय पाहिलं ते सगळं सांगायचं. पोट भरलं की माणसाच्या गोष्टीला पंख फुटतात, असं आमच्या जुन्या लोकांचं म्हणणं. विचारणाराही त्याच्यासमोर तसाच उभा राहतो. दोघांच्या मागे एकेक खुर्ची असते, पण तिच्यावर बसायचं नाही. सांगणारा आधी बसला, तर त्याचे बूट कायमचे काढून घेतात आणि त्याच्या मागावर दुसऱ्याला पाठवतात. विचारणारा आधी बसला, तर ती वाटच बंद होते. तिच्याबद्दल संघात पुन्हा कुणी विचारत नाही आणि त्या दिशेला कुणी जात नाही. असा बसलेला विचारणारा मी तरी कधी पाहिला नव्हता.

विचारणारा मी. आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रवास ऐकत उभा राहिलो आणि त्यात गुडघ्यांची वाट लागली. ऐकायचाही कंटाळा आला होता. तीच भुयारं, तेच बोलणारे पुतळे, तोच खजिन्यावर निजलेला सर्प. पण विचारणाऱ्याची काठी दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव व्हायचा नाही.

त्या दिवशी सकाळी हिल्गा परतली. स्केलगारच्या डोंगरापलीकडे भिंतीवरच्या आमच्या नकाशात नुसता पांढरा डाग आहे. तिथून जिवंत परतलेली ती पहिलीच. केस पांढरे झाले होते आणि डाव्या बुटातून रक्त झिरपत होतं. दालनात आल्या आल्या तिने नाक वर केलं.

"जवाचं सूप ना?"

"आणि धुरावलेला मासा," मी म्हणालो. "लवकर सांग म्हणजे लवकर जेवशील."

"तुलाच भूक लागलीय, ओडमारदादा. माझ्या नावावर खपवू नकोस."

भिंतीशी संघातल्या बाकीच्यांबरोबर प्रमुखबाई थेकला बसल्या होत्या. उंच, हडकुळ्या, आणि काठीसारख्या ताठ. माझ्याआधी विचारायचं काम त्याच करत. हिल्गाच्या आणि माझ्या मध्ये एक दिवा टांगलेला होता. त्याच्याखाली कुणी खोटं बोललं की ज्योत निळी पडते. एकदा थेकलाबाई त्याच्याखाली कुणाला तरी म्हणाल्या, की तुला पाहून आनंद झाला. दालनभर निळा उजेड पडला होता.

हिल्गा सांगू लागली. नदी, बर्फाची दरी, लांडग्यांनी अडवलेला पूल, मग खिंड. सगळं नीट, नेमकं, ज्योत पिवळीच. खिंडीच्या तोंडाशी येऊन ती थांबली.

"पुढे?" मी विचारलं.

तिने नजर बुटांकडे वळवली.

"हिल्गा, खिंडीपलीकडे काय आहे?"

काही नाही असं म्हणायची सोय नव्हती, दिवा होता. म्हणून ती काहीच बोलली नाही. मी पुन्हा विचारलं. आमच्या कामात तोच प्रश्न तसाच, आवाज न चढवता पुन्हा विचारायचा असतो. समोरचा रागाने नाही, तर कंटाळून बोलतो. या रीतीने मी भल्याभल्यांना बोलतं केलंय. हिल्गाला हे ठाऊक होतं, कारण ते तिला मीच शिकवलं होतं.

दुपार झाली. स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास आला आणि माझ्या पोटात कावळे ओरडू लागले. हिल्गा एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत होती. फरशीवर तिच्या बुटाभोवती लाल ओल पसरली होती.

"दादा," ती अचानक म्हणाली, "एल्डमीर आठवतं का रे तुला?"

विचारणाऱ्याने उत्तर द्यायचं नसतं.

पण एल्डमीर दालनात सगळ्यांना आठवलं. त्या तळ्याकाठी दगडी माणसं राहायची. घरं मोठी, हात मोठे, स्वभाव शेळीसारखा. मेंढ्या पाळायची, पाहुण्याला गरम दूध द्यायची. आम्ही त्यांची भाषा शिकलो, गाणी लिहून आणली आणि मोठ्या हौसेने तळं नकाशावर काढलं. आमच्या नकाशाच्या नकला प्रत्येक पांथशाळेत लागतात. तिथे दिवसभर शूरवीर बसलेले असतात. चकचकीत तलवारी, कमरेला औषधी काढ्याच्या बाटल्या आणि डोक्यात एकच किडा, की आज कुणाला मारायचं. आयत्या बिळावरचे नागोबा. कुणातरी पांथशाळेवाल्याने त्यांना सांगितलं, की तळ्याकाठी राक्षस आहेत. पुढच्याच उन्हाळ्यात तिथे एकही दगडी माणूस उरला नाही. आता तिथे त्यांच्या बोटांची हाडं गळ्यात घालायला विकतात. गाणी मात्र आमच्या कपाटात व्यवस्थित आहेत.

"पलीकडे घरं आहेत," हिल्गा हळू म्हणाली. "चुली आहेत. मला त्यांनी महिनाभर पाठीवर वाहून नेलं, पाय कुजायला लागला तेव्हा. शेपट्या आहेत त्यांना, एवढाच काय तो गुन्हा. येताना म्हणाले, आमचं कुणाला सांगू नकोस. मी हो म्हटलं."

ज्योत पिवळीच राहिली.

"हो म्हणायचा अधिकार तुला नव्हता," भिंतीकडून थेकलाबाईंचा आवाज आला. "शपथ आधी संघाची. ओडमार, वाट विचार. खिंडीतून उजवीकडे का डावीकडे?"

"खिंडीतून उजवीकडे का डावीकडे?" मी विचारलं. माझाच आवाज मला नकोसा झाला.

हिल्गाने ओठ मिटले. ती फार वेळ टिकणार नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ती खुर्चीत पडली की बूट जाणार. त्याहून वाईट म्हणजे उद्या सकाळी धाकटा कुणी तिच्या पावलांच्या खुणा धरून निघणार. बर्फ पडायला अजून अवकाश होता. म्हणजे तिच्या गप्प बसण्याने पलीकडच्यांचं काहीच वाचणार नव्हतं. तिलाही ते कळत होतं. तरी ती उभी होती आणि माझ्या खुर्चीकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. मी बसावं असं तिने मागितलं असतं तर मी कदाचित नाही म्हटलं असतं. तिने मागितलं नाही, याचंच मला रडू आलं.

"विचार, ओडमार."

मी तोंड उघडलं. प्रश्न जिभेवर होता. पण मला एकदम सगळ्याचाच थकवा आला: पिवळ्या ज्योतीचा, खऱ्या उत्तरांचा, ती उत्तरं घेऊन जाणाऱ्यांचा. मागे हात नेऊन मी खुर्चीची पाठ चाचपली आणि बसलो.

खुर्ची करकरली. तिच्यावर कधी कुणी बसलंच नव्हतं. हिल्गा माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिचे डोळे भरून आले.

थेकलाबाई उठल्या. सावकाश चालत आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. आता त्या एक प्रश्न विचारणार आणि मला दिव्याखाली उत्तर द्यावं लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मुद्दाम बसलेला विचारणारा म्हणजे शपथ मोडलेला. त्याची विचारपूस रद्द होते आणि वाट पुन्हा उघडते. मी हा विचारच केला नव्हता. एवढी वर्षं नियम घोकले आणि ऐन वेळी हाच विसरलो.

त्यांनी दिव्याकडे पाहिलं. एल्डमीरहून पहिल्यांदा परतलेल्या माणसाला कुणी विचारलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. त्या दिवशी विचारणाऱ्याची काठी यांच्याच हातात होती. तळ्याकडे जायची वाट उजवीकडे का डावीकडे, हे त्यांनीच विचारून घेतलं होतं.

"तेल उगाच जळतंय," थेकलाबाई म्हणाल्या, आणि फुंकर मारून त्यांनी दिवा विझवला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मुद्दाम बसलास का रे?"

"नाही, बाई. गुडघे गेले माझे."

"दिसतंच आहे," त्या म्हणाल्या. माझ्या हातातली काठी त्यांनी काढून घेतली आणि दाराकडे वळून ओरडल्या, "अरे, सूप आणा कुणीतरी. आणि हिच्या पायाला गरम पाणी."