धक्क्यावरच्या खोलीची धून

"दोनदा फिरू द्या. दोनदा फिरेपर्यंत कुणी आकडा काढायचा नाही."

वन्संचं हे वाक्य माझ्या कानात तसंच्या तसं आहे. मी पहिल्यांदा चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या वरच्या खोलीत गेले तेव्हा आत दोन परकी माणसं डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, चला, घरात कुणीतरी ध्यानाला लागलं, बरं झालं. मग कळलं, की कोपऱ्यातल्या स्पीकरवर व्हिडिओ गेममधलं संगीत लागलंय आणि ही मंडळी त्याला दहापैकी मार्क देणार आहेत.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. पोहण्याच्या तलावावर तिकीट खिडकीत बसतात. लहानपणी त्या आणि आमचे हे मिळून गेम खेळायचे. हे जिंकायला खेळायचे. वन्सं मात्र एखाद्या आवडत्या ठिकाणी आपल्या खेळाडूला उभं करून ठेवायच्या आणि नुसतं तिथलं संगीत ऐकत बसायच्या. "माझी पाळी आली की हिचा माणूस विहिरीपाशी उभाच," हे अजून कुरकुरतात.

रविवार दुपारच्या बैठकीला दोघं जण नेमाने येतात. एक दंतवैद्य, दुसरे घरं रंगवणारे रंगारीदादा. प्रत्येकाने एक धून आणायची. ती कुठल्या गेममधली, कुठल्या जागेची, कुणी केली, हे मार्क पडेपर्यंत सांगायचं नाही. आणि दोनदा फिरू द्यायची. गेममधली धून संपत नाही ना. खेळणारा एका जागी किती वेळ रेंगाळेल हे करणाऱ्याला कसं कळणार? म्हणून ती शेवटाशी आली की गुपचूप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जिथे वळते त्या जागेला वन्सं सांधा म्हणतात. मी कपडे दुरुस्त करते, सांधा हा शब्द मला लगेच घरचा वाटला. पहिल्या फेरीत धून कळते, दुसऱ्या फेरीत सांधा.

डॉक्टरांचा हात फार आखडता. सहाच्या वर गेले तर आम्ही खिडकीतून बाहेर बघतो, सूर्य कुठे उगवलाय म्हणून. रंगारीदादा सढळ. "साडेआठ, आणि वरून एक हात फुकट," असं काहीतरी त्यांचं असतं. आणि माझे नेहमी दहा. दिवसभरात कशाला उणं बोलायचं नाही असा माझा एक नेम आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे "वहिनींचे दहा आले, आता खरे मार्क बोला," अशी थट्टा व्हायची.

पण ते दहा नुसते नेमाचे नव्हते. एकदा रंगारीदादांनी बर्फात बुडालेल्या गावाची धून आणली होती. ती फार जुन्या यंत्रावरची, ज्याला एका वेळी तीन-चार आवाजांपलीकडे काही काढता यायचं नाही. तेवढ्या आवाजांतच ती धून करणाऱ्याने वारा केला होता, लांबची घंटा केली होती, आणि मधूनच एक स्वर असा एकटा सोडला होता की खिडकीत दिवा लागल्यासारखं वाटावं. इतक्या कमी कापडात अंगभर झगा शिवलेला मी कधी पाहिला नाही. अशा कामाला नऊ द्यायचे आणि एक आपल्याकडे ठेवायचा? कशासाठी?

आता त्या रविवारचं सांगते.

त्या आठवड्यात वन्सं जिन्यात मला अडवून म्हणाल्या होत्या, "वहिनी, कुणाला बोलू नका. एक मुलगी एकटीच्या जिवावर गेम बनवतेय. तलावावर पोहायला येते. मला गुणगुणताना ऐकलं तिने. म्हणाली, एका जागेची धून कराल का? मी केलीय."

"मग पाठवलीत?"

"पाठवू नका म्हणते. म्हणते, घेऊन या, मला तुमच्यासमोर बसून ऐकायचीय. रविवारी सहाला तिच्याकडे येते असा मी शब्द दिलाय." त्या कठड्यावरून हात फिरवत राहिल्या. "आधी आपल्या मंडळींना ऐकवते, न सांगता. बरी निघाली तर जाईन. नाहीतर फोन करून सांगेन, नाही जमलं. उगीच त्या पोरीच्या गेमचं वाटोळं कशाला?"

वन्संनी आजवर दुसऱ्यांच्या कामाला डोळे भरून दाद दिली. स्वतःचं काही कुणापुढे ठेवायची ही पहिलीच वेळ. मी म्हटलं, "निघेल बरी." आणि खरं तर मला माहीत होतं. महिनाभर ती धून तुकड्या-तुकड्यांनी छतातून खाली आमच्या स्वयंपाकघरात झिरपत होती.

माझा दुसरा एक नेम आहे, सकाळी उठल्यापासून पोथीचं वाचन आटपेपर्यंत मौन. हातवारेही नाहीत. आई म्हणायची, खुणा करून बोललीस तर ते मौन नव्हे, ती जिभेची सुट्टी. नेमका त्या रविवारी पहाटे शेजारच्या आजोबांच्या न्हाणीघराची कडी अडकली. कुलूपवाला येईपर्यंत ते आतून "मला सोडून जाऊ नका हो" म्हणत होते आणि मी दाराला तोंड लावून त्यांना धीर देत होते. मौन त्या दाराशीच सुटलं. म्हणून जेवण झाल्यावर ते पुन्हा धरलं, दिवेलागणीपर्यंत. खाली सांगायला होते फक्त हे, आणि हे रात्रपाळी करून घोरत होते. म्हटलं, वर मला एरवी तरी एका शब्दापलीकडे कोण विचारतं?

बैठक सुरू झाली. डॉक्टरांनी पाठलागाची कुठलीशी धून आणली होती, ढोलच ढोल. रंगारीदादांनी तिला आठ दिले. मग वन्संनी काही न बोलता आपली लावली.

मी ट्रे धरून दाराशी उभी होते. ती धून सलग अशी पहिल्यांदाच ऐकत होते. खालून दोन सूर, पाणी खांबांना लागून मागे जावं तसे. वर एक साधी ओळ, जी कुठेतरी निघते आणि मन बदलून पुन्हा बसते. दोन फेऱ्या झाल्या. मला सांधा सापडला नाही.

"चार," डॉक्टर म्हणाले. "अहो, ही कुठे जातच नाही. बसल्या जागी बसून राहते."

"पाच घ्या माझे," रंगारीदादा मान खाजवत म्हणाले. "म्हणजे वाईट नाही. पण एकच हात मारून सोडल्यासारखी वाटते. चला वहिनी, टाका तुमचे दहा, सरासरी जरा वर येऊ दे."

मी गप्प.

"वहिनी?"

मी खाली ट्रेकडे बघितलं. मान हलवली तरी ती खूणच झाली असती.

"बाप रे!" डॉक्टरांनी भुवया चढवल्या. "वहिनींनी आकडाच गिळला."

"आज सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवा," रंगारीदादा हसत सुटले. "कुणाची आहे हो ही? कोण हा पुण्यवान?"

"आहे एक नवशिक्या," वन्सं म्हणाल्या. त्याही हसल्या, पण ते हसू ओठांवरून पुढे सरकलं नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, "बरोबरच आहे," कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाल्या, आणि पर्समधला फोन काढून गॅलरीत गेल्या.

ज्या माणसाने आजवर दहाखाली कधी दिले नाहीत त्याचं गप्प बसणं म्हणजे काय, हे मला तेव्हा उमगलं. बोलावं, तर एका दिवसात मौन दुसऱ्यांदा मोडणार. न बोलावं, तर गॅलरीत नंबर लागतोय. चहा ओतून होईपर्यंत विचार करू, असं ठरवलं मी. भ्याड माणसं असंच ठरवतात. कप भरले, आणि ते देता देता स्पीकरचं बटण दाबलं. गॅस पेटवणं ही काही खूण नाही, तसं हेही नाही, अशी देवाकडे आधीच वकिली करून ठेवली. खरं सांगायचं तर मला ती पुन्हा ऐकायची होती.

डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्याची बाहेरची खोली रंगवून घ्यायची होती. त्यावरून दोघांची जुंपली.

"पांढरा नको," रंगारीदादा म्हणाले. "पांढऱ्यात माणूस आधीच पांढरा पडतो."

"मग काय, लाल देऊ? दात काढायला आलेल्या माणसाला लाल?"

"मी लाल म्हटलं का? मऊ हिरवा म्हणतोय. माणसं बसतील जरा टेकून."

"माझ्याकडे कुणी टेकत नाही हो. काठावर बसतात सगळे. दार कधी उघडेल आणि आपण कधी पळू."

असं चाललं होतं आणि धून फिरत होती. हळूहळू दोघांचे आवाज खाली आले. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चपलेतला पाय खालच्या सुरांबरोबर हलत होता. रंगारीदादा रंगाच्या किमती सांगता सांगता मध्येच वरची ओळ गुणगुणत होते. गॅलरीतून वन्सं परत आल्या. फोन लागत नव्हता बहुतेक, तो हातातच होता. धून किती वेळा फिरली कोण जाणे. मी दर वेळी मनाशी म्हणायची, आता सांधा पकडते. आणि दर वेळी तो मला चुकवून पुढे गेलेला असायचा.

"बरं, आता माझी दुसरी लावू?" म्हणत डॉक्टरांनी हात लांब केला आणि धून मध्येच तोडली.

"अहो, राहू द्या ना!"

कोण ओरडलं म्हणून मीसुद्धा मागे वळून बघितलं. मीच होते.

माझ्या तोंडून चढा आवाज त्या घरात कुणी ऐकलेला नव्हता.

"वहिनी रागावल्या?" रंगारीदादा हळूच म्हणाले.

मी तोंडावर हात ठेवला, पण आता ठेवून काय उपयोग? "माझं मौन होतं," मी म्हटलं. "सकाळचं राहिलं म्हणून दुपारी धरलं होतं."

"म्हणजे मघाशी..." वन्सं म्हणाल्या.

"मघाशीही होतंच."

"आणि आता मोडलं?"

"मी मोडलं नाही, वन्सं. मोडून गेलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "एक मिनिट. ती मघाचीच चालू होती? इतका वेळ?"

"तुम्ही पाय हलवत होतात की," रंगारीदादा म्हणाले.

"आणि तुम्ही गात होतात!"

"मी?" रंगारीदादा वन्संकडे वळले. "ताई, नियम गेला खड्ड्यात. कुठल्या जागेची आहे ही?"

वन्संनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "धक्क्यावरची खोली. बोटीची वाट बघत बसायची जागा. खेळणाऱ्याला निघावंसं वाटेल तेव्हाच बोट येते. नाही वाटलं तर बसावं."

डॉक्टर हातातला चष्मा पुसू लागले. "आणि मी ती कुठे जात नाही म्हणून मार्क कापले."

"हो."

"अहो, तिने कुठे जायलाच नको!"

"हो," वन्सं म्हणाल्या.

"माझे चार परत द्या."

"दिलेले मार्क परत घेता येत नाहीत."

"मग राहू देत चार. पण त्या नवशिक्याला विचारा, माझ्या बाहेरच्या खोलीत लावायला देईल का. तिथे बसणाऱ्यांचे फार हाल होतात हो." असं म्हणून ते थांबले. वन्संच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मोठ्या समजुतीने पुढे काहीच विचारलं नाही. "हां, तर हिरवा म्हणजे नेमका कुठला?" ते रंगारीदादांना म्हणाले.

वन्सं माझ्याजवळ आल्या. "वहिनी, तुमचे किती मग?"

"मी आकडा धरायचा विसरले," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातला रिकामा ट्रे घेतला, खाली ठेवला, आणि थोडा वेळ माझा हात तसाच धरून उभ्या राहिल्या. मग घड्याळ बघितलं, आरशापुढे जाऊन केस सारखे केले, धून असलेला पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. आतमध्ये शेवाळी की पोपटी यावरून पुन्हा पेटलं होतं. त्या चपला हातात घेऊनच जिना उतरल्या, "माझ्या भावाची झोप मोडायला नको," म्हणाल्या.

खाली फाटकाची कडी हळूच उघडली आणि हळूच लागली.