पडद्यावरून पुसलेला देव

एटापल्लीकडच्या सुकरीला पहाडावरच्या खाणीत डंपर चालवायचा होता, आणि आज मशीनवर पास झाली नाही तर उद्या गावाची गाडी धरावी लागणार होती. आधी दोनदा नापास झालेली बिचारी. तिला तोंडावर बिचारी म्हणून पाहा मात्र, फाडून खाईल.

मशीन म्हणजे डंपरची नकली केबिन. समोर भला मोठा पडदा, त्यावर तिच्याच पहाडाचा रस्ता, शूटिंग करून आणलेला. पडद्यावर खड्डा आला की सीट खालून दणका देई, स्टिअरिंग हाताला हिसडे मारी. वर सेन्सर, हात कुठे हलतो ते टिपणारे. ट्रॅक्टर चालवून तयार झालेली पोरगी, चढ-उतार झकास काढायची. पण वळणावर मोहाच्या झाडाखाली देव होता, तोही शूटिंगमध्ये आलेला. तो दिसला की तिचा हात स्टिअरिंग सोडून कपाळाला जायचाच. झालं! सीट थडथड उडायची आणि पडदा लाल.

"अवो ताई, चित्र होय ते," शिकवणारा प्रणित वैतागला होता. "चित्राले कोन नमस्कार करते?"

"चित्रातल्या खड्ड्यात चाक गेलं तं नापास करता ना सर?" सुकरी फणकारली होती. "मंग खड्डा खरा आन देवच खोटा काऊन?"



आज पुन्हा तेच वळण आलं. मोह होता, देव नव्हता. दगड, झेंडा, सगळं पुसून तिथे हिरवं गवत चिकटवलेलं.

"तुमच्यासाठीच काढून टाकला," प्रणित खुशीत म्हणाला. "आता बिनधास्त जा."

सुकरीच्या अंगाची नुसती आग झाली. पास तर तिला व्हायचंच होतं, जीव तोडून व्हायचं होतं. सरळ निघून गेली असती तर कोण विचारणार होतं? पण पाय ऐकेना. तिने गाडी हळू केली, ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि मग शांतपणे हात कपाळाला लावला. सीट हलली नाही. उभ्या गाडीत हात सोडला तर मशीनचं काही म्हणणं नव्हतं. मग तिने गाडी काढली ती थेट वरपर्यंत नेली, आणि पडदा हिरवा झाला.

"पास झाल्या," प्रणित म्हणाला. "पन ताई, तिथी तं काहीच नोतं!"

"तुमच्या पडद्यावर नाई. पहाडावर हाय." सुकरी केबिनमधून खाली उतरली. "आन आता खऱ्या डंपरवर मीच बसनार हावो. उद्या त्याच्या अंगावरून गाडी ने म्हनाल ना सर, तं ब्रेक माह्या पायाखाली राहीन. सांगून ठेवतो."