शिंप्याकडे गुण मिळत नाहीत

आमच्या गेममध्ये चांगुलपणाला गुण आहेत. विहिरीत पडलेलं पोर वाचवलं की दहा, अडचणीत खरं बोललं की पाच. हे नियम मीच लिहिते. गावाच्या टोकाला मी एक म्हातारा शिंपी बसवलाय. त्याच्याजवळ जाऊन बसलं तर काहीच मिळत नाही.

गेम तपासणारी मैत्रीण चूक सापडली की सोडत नाही, म्हणून तिला सगळे गोचीड म्हणतात. ती माझ्या टेबलाशी आली. "अगं, शिंप्याचे गुण टाकायला विसरलीस. तो कामही सांगत नाही. मग त्याच्याकडे कोणी जाईल कशाला?"

"कशाला म्हणजे? माणूस आहे म्हणून!" मी खेकसले.

"माझ्यावर कशाला डाफरतेस?" म्हणत ती निघून गेली.

माझे बाबा शिंपी होते. फोनवर म्हणायचे, "ये ना गं एकदा." मी विचारायचे, "काम काय आहे?" मग जरा थांबून म्हणायचे, "सुईत दोरा जात नाही. दिसतच नाही आताशा." मी जायचे, दोरा ओवायचे, उभ्याउभ्या चहा घ्यायचे आणि पळायचे.

ते गेल्यावर मी मशीनचा खण उघडला. आत वीसेक सुया होत्या, सगळ्या ओवलेल्या, आणि प्रत्येक दोऱ्याला बाबांचीच ती दुहेरी गाठ.

शिंप्याला मी कोणाला हात लावू दिला नाही. जेवणाच्या सुट्टीत गेम उघडून त्याच्याकडे जाते. तो मान वर करून विचारतो, "काही काम होतं का?"

पडद्यावर उत्तराचा एकच पर्याय येतो: "नाही, सहज आले."