गाडीला केस आले

माघात हेमलता कोगेकरच्या गाडीला केस यायला लागले. पहिला पुंजका बोनेटवर आला. तळहाताएवढा, पिवळसर तांबूस. बोक्याचे केस चिकटले असतील म्हणून ती ओल्या फडक्यानं पुसायला गेली, तर ते पत्र्यातूनच उगवलेले. एक केस ओढून पाहिला तेव्हा सबंध गाडी दचकली.

हेमलता मिरजेत बायकांना गाडी चालवायला शिकवायची. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, आवाज खणखणीत. घरात ती आणि तिचे वडील अण्णा, एवढी दोघंच. त्या छोट्या पांढऱ्या गाडीवर घर चालायचं. संध्याकाळची शेवटची बाई शिकून गेली की ती घरासमोरच्या बोळात भिंतीलगत गाडी लावायची, आणि बोळातली मांजरं गरम बोनेटवर येऊन बसायची. पिवळा बोका तर ती दार लावायच्या आतच वर चढलेला असे.

केस त्याच्याच रंगाचे होते. अण्णांच्या दाढीच्या सामानानं तिनं ते साफ केले. मग टपावर पांढरे आले, कारण तिथं पांढरी मांजर झोपायची. डिकीवर करडे आले. मांजर जिथं अंग टाकेल तिथं केस येणार, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचं धाबं दणाणलं. शिकायला येणाऱ्या बायकांनी थोडे दिवस चालवून घेतलं. मग एकीला शिंका सुरू झाल्या. दुसरीच्या नवऱ्यानं निरोप पाठवला की बायकोला मोटार शिकायची आहे, जनावर हाकायचं नाही.

बोळाच्या तोंडाशी गाड्या रंगवणारा एक जण होता. हेमलता त्याच्याकडे गेली, तर त्यानं केसांवर रंग बसत नाही म्हणून सांगितलं. मांजरांना दगड घाला, मिरचीपूड टाका, गोळ्यासुद्धा मिळतात, असंही वर सुचवलं. घरी येऊन तिनं हे अण्णांच्या कानावर घातलं.

"त्यांच्या अंगाला धक्का लागता कामा नये, हेमा," अण्णा म्हणाले. "ऊब शोधत येतात ती. ऊब दुसरीकडे दे, म्हणजे जातील."

उबेची गोष्ट अण्णांना ठाऊक होती. श्रावणातल्या तापापासून त्यांच्या अंगातली थंडी गेली नव्हती. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. अण्णांनी कप हातात घेतला की चहा गार व्हायचा, त्यांच्या अंगावरचं पांघरूण सकाळी दहिवर पडल्यासारखं ओलं लागायचं. शेजारच्या खोलीत त्यांचे दात वाजत, आणि ते ऐकत पडून राहण्याची हेमलताला सवय झाली होती.

तिनं अण्णांचं ऐकलं. फळवाल्याकडून लाकडी खोकी आणली, त्यात गवत आणि गोधडीचे तुकडे घातले, बोळाच्या दुसऱ्या टोकाला उन्हाच्या भिंतीशी ती मांडली. गाडी यायच्या वेळेला प्रत्येक खोक्यात गरम वीट फडक्यात गुंडाळून ठेवायची. वासानं मांजरं लांब राहावीत म्हणून चाकांभोवती संत्र्याच्या साली पसरायची, गाडीवर जाड कापड घालायची. राहता राहिलं मांजरांचं जेवण. ते शेजारच्या साबिराभाभींच्या हातात होतं. बोळातल्या सगळ्या मांजरांना त्याच खाऊ घालायच्या, आणि त्यांची पायरी नेमकी गाडीला लागून होती. ताटली तिकडे खोक्यांपाशी ठेवाल का, असं हेमलतानं भीतभीतच विचारलं.

"मी सांगून बघते, ताई," भाभी म्हणाल्या. "ऐकायचं का नाही, ते त्यांनी बघायचं."

मांजरांनी ऐकलं. एकेक करून सगळी गेली, पिवळा बोका सगळ्यात शेवटी, मागे वळून बघत. हेमलताला इतकं हायसं वाटलं की तिनं शेवयांची खीर करून भाभींना नेऊन दिली, आणि येताना खोक्यांसमोर उभं राहून मांजरांनाही हात जोडले.

केस मात्र गेले नाहीत. उलट दाट झाले, बोनेटवरून दारांवर उतरले. आणि वर कुणी झोपेनासं झाल्यापासून गाडी गारठायला लागली. भर उन्हात उभी असली तरी स्टिअरिंगला हात लावला की बोटं बधिर व्हायची. मग ती कुडकुडायला लागली. चालू केली की कुडकुडायची, बंद केली तरी कुडकुडायची. एका दुपारी ती सुरूच होईना. हेमलता नुसती आत बसून राहिली. आता बायका येणार नाहीत, घर कसं चालायचं, हे तिच्या डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडून अण्णा आत आले. अंगावर शाल, हातात काठी. श्रावणापासून ते घराच्या पायऱ्या उतरले नव्हते.

"अण्णा, तुम्ही कशाला आलात?"

"कुडकुडल्याचा आवाज आला. मला वाटलं, मीच आहे."

ते तिच्या शेजारी बसले. गाडी आणि अण्णा एकाच तालात थरथरत होते. अण्णांनी समोरच्या काचेखाली हात ठेवला, जसा ते ती लहान असताना तिच्या कपाळावर ठेवायचे.

"हेमा," ते म्हणाले, "त्यांना परत बोलव."

हेमलता उठून भाभींकडे गेली. आपणच घालवलेल्या मांजरांना परत बोलवा म्हणताना तिला शरमल्यासारखं झालं, पण भाभींनी कारण विचारलं नाही. त्या ताटली उचलून बोळातून गाडीकडे चालायला लागल्या. त्यांच्यामागे मांजरं निघाली. बोळातली होती तेवढी आली, मग दर्ग्याच्या बाजूची आली, स्टेशनाकडची आली, कुणी कधी न पाहिलेलीही आली. हेमलतानं कापड काढलं, साली झाडून टाकल्या. टप, बोनेट, डिकी, बघता बघता सगळं भरून गेलं.

गाडीची थरथर थांबली. मग किल्ली न लावताच तिच्या पोटातून घरघर सुरू झाली, सावकाश, सुखाची. हेमलतानं काचेतून आत पाहिलं. अण्णांच्या बोटांची टोकं गुलाबी झाली होती. त्यांनी चहा मागितला. तिनं आणून दिला, त्यांनी दोन्ही हातांत कप धरला, आणि वाफ निघतच राहिली. अर्धा चहा पिऊन ते तिथंच झोपी गेले. दात वाजत नव्हते. हेमलता रडली. मग गाडीभोवती फिरून तिनं प्रत्येक मांजराच्या कपाळाला बोट लावलं.

त्या दिवसापासून अण्णा गाडीत राहायला लागले. दिवसभर गाढ झोपायचे, जाग आली की तिच्या आईच्या आठवणी सांगायचे. शिकवणी बंदच होती. आश्चर्य म्हणजे हेमलताला त्याचं काही वाटत नव्हतं, आणि जेवणाचं भाभी बघत होत्या. केस काचांवर आले तसा आत पिवळसर उजेड पडायला लागला. टप रोज थोडा खाली येत होता. सीटा एकमेकींजवळ सरकल्या होत्या. अण्णांच्या शेजारी बसायचं तर आता गुडघे पोटाशी घ्यावे लागत, आणि तसं बसलं की फार बरं वाटे.

एका दुपारी वारा सुटला होता. अण्णांना झोत लागू नये म्हणून हेमलतानं आत बसून दार ओढून घेतलं. दाराची फट केसांनी भरून आली. तिनं हात फिरवून पाहिला, कडी हाताला लागली नाही. सगळीकडे सारखंच मऊ लागत होतं.

जरा वेळानं बाहेरून साबिराभाभींचा आवाज आला, गोधडीखालून यावा तसा.

"ताई, भाकरी आणलीय. दार कुठल्या बाजूला होतं?"

हेमलतानं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात अण्णांनी झोपेतच तिचा हात धरला. त्यांचा हात गरम होता, भाजलेल्या शेंगांसारखा.

"थांबा जरा, भाभी," ती म्हणाली.

ते बाहेर ऐकू गेलं नसावं. भाभी घरात जाऊन फणी घेऊन आल्या आणि केस विंचरत दाराची फट शोधायला लागल्या. फणीचे दात हेमलताच्या डोक्यावरून सरसरत गेले, पुढून मागे. घरघर वाढली. फणी पुन्हा पुढून मागे गेली, शेवटापर्यंत, आणि तिच्याखाली गाडीनं सावकाश पाठ उंचावली.