करपलेली कड

शिफ्राआजीचा तोरा अख्ख्या अंत्युखिया शहराला ठाऊक होता, आणि का नसावा? नदीकाठच्या त्या गल्लीत क्रुसावर गेलेल्या प्रभूचं नाव घेणारी माणसं आता पुष्कळ झाली होती, पण त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली ती एकटीच उरली होती. पाहिलं तेही कुठे दुरून नव्हे. गालीलात, आईच्या अंगणात, एवढीशी पोर असताना.

दर आठवड्याला मंडळी जेवायला बसली, की भाकर मोडण्याआधी ती तीच गोष्ट सांगायची. तो जेवायला आला आणि आईची भाकर नेमकी त्याच दिवशी एका बाजूने करपली. आई लाजेने अर्धमेली झाली. त्याने भाकर मोडली, चांगला मोठा तुकडा शेजारच्याच्या हातात ठेवला आणि करपलेली कड आपण घेतली. "मला हीच आवडते," म्हणाला, आणि कुरकुर वाजवत खाल्ली.

गोष्ट एवढीच. आईचं नाव ती कधी घेत नसे. भाकर करपवणारी म्हणून बिचारीचं नाव का गाजवायचं? पण सांगताना म्हातारीची मान अशी ताठ व्हायची, की बघत राहावं.

त्या सकाळी मंडळीचा कारभार बघणारा वडीलधारा डोसिथस तिच्या भट्टीपाशी आला. माणूस भला, पण चारचौघांत हे शोभेल का, ही काळजी त्याला जन्माची चिकटलेली.

"आजी, आज दमास्कसहून झब्दाय येतोय. तिथल्या मंडळीत त्याला मोठा मान आहे. आज ती भाकरीची गोष्ट राहू द्या."

"का रे बाबा? शिळी झाली?"

"तसं नव्हे. आपण प्रभूला राजांचा राजा म्हणतो, आणि तुम्ही त्याला करपलेली भाकर खायला घालता. नवी माणसं तोंडावर हात धरून हसतात."

"मी नाही घातली, आईने घातली. आणि तो तरी कुठे रुसला?"

डोसिथस तिच्याजवळ खाली बसला. "रागावू नका. तुम्ही तेव्हा केवढ्या होता? तुम्हाला आठवतं ते आईचं लाजणं. बाकीचं इतकी वर्षं सांगता सांगता जुळत गेलं असेल. तुम्हा यहुद्यांच्याच शास्त्रात आहे ना, दोन साक्षीदार असल्याशिवाय गोष्ट खरी धरू नये? दुसरा कोण आहे, आजी?"

एरवी एक ऐकून दोन सुनावणारी बाई, पण आज तिने खाली मान घालून पुढची भाकर भट्टीत लावली. आई गेली, भाऊ लढाईत गेला, रोमी सैन्याने गावच जाळलं. दुसरा साक्षीदार आणणार कुठून? डोसिथस गेल्यावर तिने डोळे मिटून ते अंगण आठवून पाहिलं. तोंड झाकून घेतलेली आई दिसली. त्याचा चेहरा मात्र धुरकट होता. तो कधीपासूनच धुरकट झाला होता, तिने कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच. मग सगळं आपणच मनाने रचलं की काय?

"अहो सासूबाई, धूर बघा किती," म्हणत सून फिलेना धावत आली. भट्टीतली भाकर एका बाजूने काळी ठिक्कर झाली होती. "नेमकी आजच."

"टाक कुत्र्याला."

"पीठ संपलंय. तळाशी ठेवते, कोण बघतंय?"

संध्याकाळी मंडळी जमली. झब्दाय चांगला दणकट, उन्हाने रापलेला गडी होता. डोसिथसने आजीची नजर चुकवून प्रार्थना उरकली आणि पाहुण्याचा मान म्हणून टोपली झब्दायपुढे सरकवली. आजी गोष्ट न सांगताच खांबाला टेकून बसली होती. ते सगळ्यांना खटकलं.

झब्दायने वरची भाकर उचलली, उलटसुलट पाहिली आणि बाजूला ठेवली. दुसरीचंही तेच केलं. मग टोपलीच्या तळाशी हात घालून त्याने नेमकी ती करपलेली बाहेर काढली. फिलेनाने जीभ चावली.

"ती चुकून करपली हो," डोसिथस ओशाळून म्हणाला. "दुसरी घ्या."

"चुकून? मी तर हीच शोधत होतो." झब्दायने भाकर मोडली, मोठा तुकडा डोसिथसच्या हातात ठेवला आणि काळी कड स्वतःच्या तोंडात टाकली. कुरकुर वाजली.

आजी खांब सोडून सरळ बसली. "लेकरा, ही रीत कुठली?"

"आमची, दमास्कसची. भाकर मोडणाऱ्याने करपलेली कडच खायची. आमच्या बायका मुद्दाम एक बाजू करपवतात."

"कडच का खायची?"

"ते नाही ठाऊक, आजी. गालीलाहून आलेल्या म्हाताऱ्यांनी शिकवलं, प्रभूने अशीच खाल्ली म्हणून. कारण विचारायचं राहून गेलं, आणि आता ते म्हातारेही नाहीत."

डोसिथस हातातल्या मोठ्या तुकड्याकडे बघत राहिला. मग उठून त्याने तो आजीच्या हातात ठेवला.

"कारण आमच्या आजीला ठाऊक आहे," तो झब्दायला म्हणाला. "ती तिथे होती. आजी, दुसरा साक्षीदार आला. सांगा."

आजीने डोळे पुसले. त्याचा चेहरा अजूनही धुरकटच होता, पण ती कुरकुर आत्ता झाल्यासारखी कानात होती. आई त्या दिवशी लाजेने अर्धमेली झाली होती, आणि तिची चूक आज दमास्कसच्या घराघरांत बायका हौसेने करत होत्या. म्हातारीची मान ताठ झाली.

"माझ्या आईचं नाव योखेबेद," तिने सुरुवात केली.