हात पुढे कर, दादा

तलवार वर गेली आणि मैदानातल्या हजारो माना तिच्याबरोबर वर गेल्या.

"पोलादा!" अभयबाबा माइकमध्ये गरजले. "पुण्यवानाला चाट! पाप्याला चाव!"

आधी पातं कलिंगडावरून सर्रकन फिरलं. लाल पाणी पहिल्या रांगेच्या तोंडावर उडालं. मग शेजारी उभ्या निवडणुकीच्या उमेदवाराने बाही सारून हात टेबलावर ठेवला. तलवार पुन्हा वर गेली, सूंऽऽ करत खाली आली आणि हातावर बसली. बाबांनी दात-ओठ खात वरून भार दिला, डोळे गरगरा फिरवले आणि पातं सरळ वर उचललं. हातावर फक्त एक तांबूस वळ!

"दादा! दादा!" मैदान दणाणून गेलं.

सभेच्या कडेला अॅम्ब्युलन्सपाशी एक डॉक्टरबाई डोळे मिटून उभी होती. सगळं शहर त्या उमेदवाराला दादा म्हणायचं. हिचा तो सख्खा थोरला भाऊ.

बाबांच्या मठात दोन शिष्य मार खाऊन मेले होते. खटला चालू होता. पत्रकारांनी छेडलं की दादा हसून म्हणायचा, "आईने जन्म दिला, बाबांनी अभय दिलं. बाप काय बदलता येतो?" बहिणीने विषय काढला तेव्हा तर त्याने तिलाच गप्प केलं होतं.

"ठमे, तू रोज ऑपरेशनआधी हात धुताना देवाचं नाव घेतेस. ती भक्ती. मी बाबांचं घेतलं की अंधश्रद्धा, होय ना?"

तिला उत्तर सुचलं नव्हतं. देवाचं नाव घेतल्याशिवाय तिने कधी कुणाच्या अंगाला हत्यार लावलं नव्हतं, हे खरंच होतं. दादा भोळा आहे, फसलाय, एवढंच ती धरून चालली होती. फसलेल्या माणसाला सोडवता येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अपघात विभागाचं दार लाथेनेच उघडलं. दादाच्या ड्रायव्हरला चौघांनी उचलून आणलं होतं. तो पोरांबरोबर विरोधकांचे फलक फाडायला गेला होता. तिथे कोयते निघाले. बाकीचे पळाले; हा उभा राहिला आणि त्याने उघडा हात पुढे केला.

हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा पडला होता. बोटं वाकवणाऱ्या कंडरा तुटून दोऱ्यांच्या टोकांसारख्या लोंबत होत्या. तिच्या हातमोज्यांवरून रक्त ठिबकत होतं.

"अरे, हात कशाला पुढे केलास?"

"तलवारीखाली हात ठेवून अभय घेतलं होतं ना, ताई." तो ओशाळून हसला. "बाबांची चूक नाही. माझीच श्रद्धा कमी पडली."

हे ऐकून तिच्या हातातली सुई थांबली. हात जातो आणि वर दोषही त्याचाच! बाहेर बाकावर बसलेली त्याची बायको हे ऐकत होती. ती रडत नव्हती. तिने फक्त विचारलं, "गाडी चालवता येईल ना यांना?"

डॉक्टरने पुढची कंडरा चिमट्यात धरली.

टाके घालता घालता तिची नजर जखमेवर खिळली. काठ तिरके, लांबलचक, स्वच्छ. कोयता नुसता आदळला नव्हता, मारणाऱ्याने तो ओढला होता. शिकत असताना सर पहिल्याच दिवशी बजावत, "पातं दाबू नका, ओढा. ओढल्याशिवाय धार काम करत नाही." तिने काल मिटलेले डोळे आज मनात उघडले आणि आधीच्या सभांतला तोच खेळ पुन्हा पाहिला. कलिंगडावर बाबांनी पातं फिरवलं होतं. हातावर मात्र वेग खाली येता येता आवरला, मग नुसतं दाबलं आणि सरळ वर उचललं.

संध्याकाळी शेवटची सभा होती. पोरांना अभय देऊन तिथूनच बदला घ्यायला विरोधकांच्या वस्तीवर न्यायचं होतं. ती कॅन्टीनमधून एक पिकलेला टोमॅटो खिशात टाकून निघाली.

व्यासपीठावर तिला कोण अडवणार? दादाची बहीण! ती थेट बाबांसमोर उभी राहिली.

"मलाही अभय द्या."

"बघा!" बाबांना आनंद मावेना. "शिकलेलीसुद्धा आली! टाळ्या!"

तलवार सूंऽऽ करत आली, बसली, उठली. तिच्या हातावरही वळच. मैदान गर्जलं. तेवढ्यात तिने माइक घेतला. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"मी बाबांचं नाव घेतलं नाही. बाबांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मला कापलं नाही."

"सख्ख्या बहिणीचं रक्त! पुण्य रक्तातच—" बाबा सुरू झाले.

"आणि टोमॅटोचं रक्त?" तिने टेबलावर टोमॅटो ठेवला आणि बाबांनी तिथेच टाकलेली तलवार त्यावर टेकवली. "हे बघा, दाबते. नुसता चेपतोय. स्वयंपाकघरातल्या बायांनो, सुरी दाबता की ओढता?"

"ओढतो!" बायांच्या रांगेतून हशा उठला. तिने पातं जरासं ओढलं. दोन फोडी टेबलावर पडल्या.

हशा विरला. पहिल्या रांगेतली पोरं आपल्या हातांकडे बघू लागली.

माइक टेबलावर ठेवून तिने दोन्ही हातांनी तलवार उचलली आणि भावाकडे वळली. त्याला आता कळलं असेल, तो बाबांना दोन शब्द सुनावेल, असं तिला अजूनही वाटत होतं.

"हात पुढे कर, दादा. दाबणार नाही. पिसासारखं हलकं, नुसतं ओढते. अभय आहे ना तुला?"

दादाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

त्याने बाबांकडे पाहिलं नाही, तलवारीकडे पाहिलं नाही, विचारसुद्धा केला नाही. हात आपोआप मागे गेले. तो फसलेला नव्हता.



"दादा!" बायांच्या रांगेतून ड्रायव्हरची बायको किंचाळली. "माझ्या नवऱ्याने केला होता हात पुढे!"

मग जे उसळलं ते कुणाच्या हातात राहिलं नाही. खुर्च्या उडाल्या. बाबांच्या पहिलवानाने डॉक्टरला कानशिलात दिली, तिचा चष्मा तुटला, भुवई फुटली. एका पोराने त्या पहिलवानाच्या तोंडावर लोखंडी खुर्ची घातली, दात खाली सांडले. बाबांनी तलवार हिसकायला झेप घेतली आणि घाईत मूठ सोडून पातंच धरलं. डॉक्टर मागे कोलमडली. पातं त्यांच्या मुठीतून ओढलं गेलं.

बाबांचा पंजा आडवा उघडला. ज्या टेबलावर कलिंगड फुटायचं, तिथे बाबा स्वतःचं मनगट दाबून गुरासारखे ओरडत होते.

एका डोळ्यात रक्त उतरत असताना तिने रुमाल त्यांच्या तळहातावर आवळला. ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतलं आणि अॅम्ब्युलन्समधली पेटी मागवली. सुई पाहताच बाबा कळवळले, "बाई, आधी बधिर करा हो!"

माइक चालूच होता. साऱ्या मैदानाने ते ऐकलं. वस्तीवर जायला त्या दिवशी कुणी उरलं नाही.

दादा व्यासपीठाच्या पायरीवर बसला होता. कपड्यांना सुरकुती नाही, हातावर ओरखडा नाही.

"ठमे, दोन दिवस थांबली असतीस तर मी निवडून आलो असतो."

"आणि तुझ्या ड्रायव्हरचा हात?"

"मी त्याला कोयत्यापुढे उभं राहा म्हटलं नव्हतं."

"तू तुझा हात दाखवलास, दादा. त्याने तो खरा मानला." तिने शेवटच्या टाक्याची गाठ मारली. "मला त्या दिवशी उत्तर सुचलं नव्हतं ना? आज देते. माझा देव कुणाचा हात मागत नाही."

भक्ती करा, मनापासून करा. पण डोक्याला कुलूप लावून करा असं कुठल्याच देवाने सांगितलेलं नाही. जो व्यासपीठावर उभा राहून तुमच्या मुलाला हात पुढे करायला सांगतो, त्याला आधी स्वतःचा करायला सांगा. आणि तो करत असताना, कृपा करून, डोळे मिटू नका.